पांढरा कुडा

वैशाख सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भातल्या पानगळीच्या रानांत पांढरा कुडा फुलू लागतो. फांद्यांच्या टोकांना पाच पाकळ्यांच्या शुभ्र फुलांचे झुपके येतात आणि पाऊस सुरू झाल्यावरही ते टिकून असतात. मेघदूतातला यक्ष आषाढाच्या मेघाला अर्घ्य देतो ते याच ताज्या फुलांचं. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात.

कुडा हे कण्हेरीच्या कुळातलं लहान झाड. पान खुडलं की पांढरा चीक येतो. फुलं झडल्यावर लांब, बारीक शेंगा जोडीजोडीनं लोंबू लागतात. त्या वाळून तडकल्या की केसांचा झुबका असलेलं बी वाऱ्यावर उडून जातं. हे बी म्हणजेच कडू इंद्रजव. कोकणात कुड्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी पावसाळ्याच्या सुमारास घरोघरी होते.

औषधात मान आहे तो सालीला. संस्कृतात हा कुटज. चरकसंहितेत मूळव्याधीवरच्या दहा औषधांची यादी आहे, तिची सुरुवातच कुटजानं होते. अतिसार आणि रक्ती आव यांवर तर वैद्यांची भिस्त यावरच. खेड्यापाड्यांत मुळाची साल ताकात उगाळून देतात. कुटजारिष्टात या सालीच्या काढ्याला मनुका, मोहाची फुलं, धायटीची फुलं आणि गूळ यांची जोड असते. सालीतल्या कोनेसीन या अल्कलॉइडचा आवेच्या अमिबावर परिणाम होतो, हे आधुनिक अभ्यासातही दिसलं आहे. मात्र जुलाबात शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. अशा वेळी, विशेषतः लहान मुलांना, आधी मीठ-साखरेचं पाणी द्यावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. कुडाही वैद्यांना विचारूनच घ्यावा.

दुसरी काळजी ओळखीची. काळा कुडाही याच रानांत वाढतो आणि त्याची साल पांढऱ्या कुड्याची म्हणून बाजारात येते. शेंगा पाहिल्या तर फसगत टळते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. काळ्या कुड्याचं बी गोडं इंद्रजव म्हणून विकलं जातं. त्याचे गुण वेगळे.

आता मुख्य गोष्ट. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत उतरतं. बुंध्याभोवतीची साल सगळीकडून सोलली की मुळं उपाशी राहतात आणि झाड वाळतं. मुळं खणून काढली तर झाड तिथेच संपतं. कुडा मात्र मोठा चिवट आहे. तोडलेल्या खुंटाला तो पुन्हा फुटतो, मुळांपासूनही नवे धुमारे काढतो. म्हणून साल हवीच असेल, तर फांदी छाटून तिची घ्यावी आणि बुंधा, मुळं शाबूत ठेवावीत.

शेतकरी बंधुभगिनींनो, शेंगा तडकण्याआधी थोडं बी गोळा करा आणि पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर, कुंपणाला, गावाच्या देवराईत पेरा. कुडा गावात वाढला, तर त्याच्या सालीसाठी रान ओरबाडावं लागणार नाही.