डेटा सेंटर: माफ केलेला कर आणि दिलेले पाणी

डेटा सेंटरला पाणी लागते ते उष्णता बाहेर काढण्यासाठी. सर्व्हरमध्ये गेलेल्या विजेची अखेर उष्णताच होते. कूलिंग टॉवरमध्ये एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता निघून जाते. या हिशेबाने एका युनिट विजेमागे दीड लिटर पाणी हवेत जाते. 100 मेगावॉटच्या केंद्राची सगळी उष्णता याच मार्गाने काढली, तर रोज 36 लाख लिटर पाणी लागेल. माणशी 135 लिटर या शहरी मानकाने हे 26 हजारांहून अधिक लोकांचे पाणी झाले. घरगुती वापराचे पाणी सांडपाणी होऊन तरी परत येते. वाफ झालेले पाणी शहराच्या ताळेबंदातून वजाच होते.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स हे सुमारे 16 हजार वस्तीचे गाव आहे. जलविद्युत स्वस्त, त्यात मालमत्ता करात सवलत. गूगलने 2006 मध्ये तेथे डेटा सेंटर सुरू केले. 2021 मध्ये विस्ताराची बोलणी चालू असताना ‘द ऑरेगोनियन’ या दैनिकाने कंपनीच्या पाणीवापराचे आकडे मागितले. ते द्यावेत असा सरकारी वकिलांचा आदेश झाला, तरी हे व्यापारी गुपित आहे असे म्हणत नगरपालिकेने वृत्तपत्रालाच न्यायालयात खेचले. 2022 च्या अखेरीस हा वाद मिटला आणि आकडा बाहेर आला: 2021 या एका वर्षात सुमारे 35 कोटी 50 लाख गॅलन, म्हणजे 134 कोटी लिटर. गावाच्या एकूण पाणीवापराच्या चौथ्या हिश्श्याहून तो अधिक होता. पाणीपुरवठा वाढवण्याचा करार मात्र नोव्हेंबर 2021 मध्येच मंजूर झाला होता. त्या वाढीव यंत्रणेचा 2 कोटी 85 लाख डॉलरचा खर्च कंपनीने पत्करला, ही कराराची जमेची बाजू. पण ज्यांचे पाणी, त्यांना हिशेब कळला तो करारानंतर वर्षभराने. हे क्रमाचे उलटेपण कोणत्याही सवलतीपेक्षा महाग पडते.

सवलतीचा सर्वांत स्वच्छ हिशेब व्हर्जिनियात सापडतो. तेथील विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाच्या डिसेंबर 2024 मधील अहवालाप्रमाणे डेटा सेंटरना दिलेल्या विक्रीकर माफीपोटी 2023 च्या आर्थिक वर्षात 92 कोटी 80 लाख डॉलर सोडावे लागले. बांधकामाच्या ऐन भरात एका केंद्रावर 1,500 पर्यंत माणसे राबतात. पुढे अडीच लाख चौरस फुटांच्या केंद्रात सुमारे 50 जणांनाच पूर्णवेळ काम उरते. तोच अहवाल असेही नोंदवतो की तेथील बहुतेक केंद्रांचा पाणीवापर एखाद्या मोठ्या कार्यालयीन इमारतीइतका किंवा त्याहून कमी आहे. तेव्हा सरसकट विरोधाला आधार नाही. शीतकरणाची पद्धत कोणती, यावर सारे अवलंबून असते.

मात्र पाणी वाचवणारी कोरडी, पंख्यांची पद्धत वीज जास्त खाते, आणि ती वीज कोळशाची असेल तर पाणी दुसरीकडे खर्ची पडते. भारतात केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमाने कूलिंग टॉवर असलेल्या तेव्हाच्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॉट-तासाला 3.5 घनमीटरची मर्यादा घातली. म्हणजे युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत, डेटा सेंटरच्या स्वतःच्या वाफेच्या दुपटीहून जास्त. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईलगतच्या केंद्राचा पाणीवापर मोजताना मराठवाडा-विदर्भातील वीज केंद्रांत खर्ची पडणारे पाणीही मोजले पाहिजे.

महाराष्ट्राच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात माफी आहे. यांपैकी वीज शुल्काची माफी दरवर्षी साचत जाते. 100 मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर वर्षाला 87 कोटी 60 लाख युनिट वीज लागते; युनिटमागे 50 पैसे माफ झाले असे धरले तरी ही रक्कम सुमारे 44 कोटी रुपये होते. तिच्यासमोर कायम नोकऱ्या, स्थानिक कर आणि पाणी एकाच पानावर मांडले, तरच सौदा तोलता येतो.

पाणीपुरवठा अभियंत्यांपुढे डेटा सेंटरची फाईल येते तेव्हा तिच्यात बहुधा वार्षिक सरासरी असते. ती फसवी आहे. टॉवरची तहान उन्हाळ्यात वाढते, आणि धरणे तळ गाठतात तीही तेव्हाच. म्हणून मेमधील सर्वाधिक वापराच्या दिवसाचा आकडा मागावा, कपातीच्या काळात केंद्राचे पाणी किती कमी होणार ते करारातच लिहून घ्यावे आणि दरमहा मीटरची नोंद जाहीर व्हावी. जो हे मान्य करणार नाही त्याला सवलत देऊ नये. पिण्याच्या पाण्याला पर्यायही आहे. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली व कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर तृतीय स्तरीय प्रक्रिया करून ते उद्योगांना देण्याची व्यवस्था उभारली आहे. अशा पाण्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे टॉवरमधील पाणी लवकर बदलावे लागते आणि बाहेर पडणारे खारट पाणी वाढते. ते कुठे सोडायचे, त्यावर प्रक्रिया कोणी आणि कोणाच्या खर्चाने करायची, ही कलमे पाणी देण्याआधीच करारात यायला हवीत.