हाक आणि ओ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळाने दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्यांच्या भिंती सुरू होतात. निळ्या, तांबड्या, गंजलेल्या, एकावर एक रचलेल्या. या कंटेनरांमधून वाट काढत आपण द्रोणागिरीला पोहोचतो. ज्या डोंगरावरून या वसाहतीला नाव मिळाले तो उरणच्या समुद्रकाठी आहे. हनुमंत पर्वत घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, असे जुनी माणसे सांगतात. पुढे १९८९ मध्ये शेजारच्या न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि मिठागरांच्या व भाताच्या या मुलखात कंटेनरची यार्डे उभी राहिली. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावू लागली. तेव्हा द्रोणागिरी नावाचे स्टेशनही सुरू झाले.

आज मला दोन शोधांविषयी बोलायचे आहे. एक, रेडिओच्या लहरींनी वस्तूचा माग काढणारा टॅग. दुसरा, मोबाइल फोनच्या मदतीने चालणारे श्रवणयंत्र. विषय विज्ञानाचा आणि बोलणारा कवी, म्हणून काही श्रोते बिचकतील. पण हे दोन्ही शोध आमच्या घरात एकाच माणसाला येऊन भेटले. ते माझे थोरले भाऊ. आम्ही त्यांना भाई म्हणतो.

भाई द्रोणागिरीच्या एका यार्डात टॅली क्लार्क होते. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे लिहिलेले असतात. जगात कुठेही जा, पद्धत हीच. एकाने पेटीजवळ उभे राहून नंबर ओरडायचा, दुसऱ्याने तो वहीत लिहायचा. शेजारी रीच स्टॅकर घरघरतोय, ट्रेलर हॉर्न देतायत, लोखंडावर लोखंड आदळतेय. भाईंनी वीस-बावीस वर्षे अशा आवाजात कान देऊन आकडे टिपले.

एका पावसाळी रात्री त्यांनी ‘सात’च्या जागी ‘आठ’ लिहिले. कंटेनरच्या नंबरातला शेवटचा आकडा हा पडताळ्याचा असतो. आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गुणाकार, बेरीज आणि अकराने भागाकार करून तो काढतात. त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला की बहुधा हिशेब जुळत नाही. संगणकाने नंबर नाकारला. ट्रेलर बाहेर उभा, पेटी कुठे ते कुणाला ठाऊक नाही. तीन माणसे बॅटऱ्या घेऊन पावसात पेट्यांच्या ओळी धुंडाळत होती. सकाळी साहेबांनी भाईंना चार लोकांसमोर विचारले, ‘लक्ष कुठे असते तुमचे?’

लक्ष जागेवर होते. कान जागेवर नव्हते.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले की कानाच्या आतील शंखातल्या सूक्ष्म केशपेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. आपल्या बोलण्यातले ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जाड आवाजाचे, ते ऐकू येत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही बारीक आवाजाची व्यंजने गळून पडतात. ‘सात’मधला ‘स’ गेला की उरते ‘आत’. ते ‘आठ’सारखेच लागते. म्हणून असा माणूस बहिरा आहे असे कुणाला वाटत नाही, त्याला स्वतःलाही वाटत नाही. तो म्हणतो, ‘ऐकू येते हो, पण लोक पुटपुटतात.’ भाईंना मशिदीची अजान ऐकू येत होती. शेजारी बसलेल्या नातवाचे बोलणे कळत नव्हते.

आता पहिल्या शोधाकडे येऊ. जुलै २०१६ मध्ये न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनरांना रेडिओ टॅग लावायला सुरुवात झाली. हा टॅग म्हणजे एक चपटी पट्टी. आत तांदळाच्या दाण्याहून लहान चिप आणि तिला जोडलेली धातूची अँटेना. बॅटरी नाही. मग तो बोलतो कसा? यार्डाच्या किंवा टोलनाक्याच्या फाटकावर एक वाचकयंत्र असते. ते रेडिओ लहरी सोडते. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी २००५ मध्ये परवान्याविना खुला झाला. त्या लहरींतल्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि तीच लहर थोडी बदलून परत पाठवते. लहान मुलाने आरशाने कवडसा पाडून खूण करावी, तसे. त्या खुणेत टॅगचा क्रमांक असतो. तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही असाच चालतो. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर तो सक्तीचा झाला.

मराठीत आपण म्हणतो, हाकेला ओ दिली. टॅग एवढेच करतो. हाक आली की ओ देतो. हाक नसेल तेव्हा गप्प. त्यातही अडचण आहेच. साधा टॅग सरळ लोखंडावर चिकटवला तर तो मुका होतो, कारण धातूमुळे अँटेनाचे काम बिघडते. त्यासाठी मध्ये थोडे अंतर ठेवावे लागते, किंवा खास बनावटीचा टॅग वापरावा लागतो. लोखंडी पेटीला वाचा यावी म्हणून माणसाने एवढा विचार केला.

यार्डातली पोरे भाईंना म्हणाली, ‘भाई, आता तुमच्या कानांची गरज नाही.’ चेष्टाच होती. भाई हसले. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले.

या टॅगचा एक पूर्वज मोठा गमतीचा आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते सात वर्षे राजदूताच्या घरी भिंतीवर होते. १९५२ मध्ये कळले की त्याच्या आत ऐकणारे यंत्र आहे. त्यातही बॅटरी नव्हती. बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की ते जागे होई आणि खोलीतले बोलणे परतीच्या लहरीवर चढवून बाहेर पोहोचवी. ते बनवले होते लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाने. म्हणजे टॅग आणि कान एकाच लाकडी चिन्हात बसले होते. काम मात्र हेरगिरीचे.

फोन आणि कान यांचे नाते याहून जुने आणि जास्त प्रेमाचे आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्याच्या आईला नीट ऐकू येत नव्हते आणि त्याची पत्नी लहानपणीच बहिरी झालेली. तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. १८७६ मध्ये त्याने टेलिफोनचे पेटंट घेतले, आणि पुढे १८९८ च्या सुमारास विजेवर चालणारी पहिली श्रवणयंत्रे निघाली ती टेलिफोनच्याच मायक्रोफोनवर. ट्रान्झिस्टर आल्यावर तो सर्वसामान्यांच्या हाती पोहोचला तोही आधी श्रवणयंत्रातून, १९५३ च्या आसपास. खिशातला रेडिओ त्यानंतरचा.

आज तोच फोन पुन्हा कानाकडे वळला आहे. कानात घालायच्या गुंड्यांमधला किंवा फोनमधला मायक्रोफोन आवाज घेतो, आणि फोनमधला किंवा गुंड्यांमधलाच प्रोग्राम तो स्वर निवडून वाढवतो. निवडून, हा शब्द महत्त्वाचा. सगळाच आवाज मोठा केला तर पंखा आणि भांडीही मोठी होतात. भाईंसारख्यांना बारीक स्वर वाढवून हवे असतात. त्यासाठी आधी कानाची चाचणी लागते. कुठला स्वर किती हळू असताना ऐकू येतो, ते बघायचे. १२ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅपल कंपनीच्या एअरपॉड्स प्रो या गुंड्यांमधील अशा प्रोग्रामला मान्यता दिली. ती अठरा वर्षांवरील, सौम्य ते मध्यम श्रवणदोष जाणवणाऱ्या लोकांसाठी आहे. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलने दोन मोफत सोयी आणल्या होत्या. एक आवाज निवडून वाढवणारी, दुसरी समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटवणारी. दुसरीला मराठीही कळते.

त्यावरून एक घडलेली गोष्ट. एअरपॉड्सची ती सोय सुरुवातीला भारतात बंद होती. फोन आसपासच्या वायफायच्या खुणांवरून आपण कुठल्या देशात आहोत हे ओळखत होता आणि सोय देत नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या काही तरुणांनी आजीसाठी यावर तोड काढली. त्यांनी लहरी अडवणारी पेटी केली, बाजूला मायक्रोवेव्ह भट्टी चालू ठेवली, आणि आत अमेरिकेतल्या वायफायच्या खोट्या खुणा सोडल्या. आतल्या उपकरणाला वाटले, आपण कॅलिफोर्नियात आहोत. आजीच्या कानातले यंत्र सुरू झाले. माग काढणारी लहर आणि ऐकवणारी लहर, दोन्ही एकाच उपकरणात होत्या. पहिली दुसरीच्या आड आली होती.

आमच्या घरी एवढे काही झाले नाही. भाईंच्या नातवाने त्यांच्या साध्या फोनला वायरचा इअरफोन लावला आणि आवाज वाढवणारे अ‍ॅप सुरू केले. फोन जेवणाच्या ताटाजवळ ठेवला. भाभी आत कुकर लावत होत्या. तिथून त्या सवयीने, स्वतःशीच म्हणाव्यात तसे म्हणाल्या, ‘सांगून उपयोग नाही, ऐकतात कुठे?’ भाई म्हणाले, ‘ऐकतोय.’ घरात एकदम शांतता झाली. मग भाभी बाहेर आल्या आणि पदराने डोळे पुसत हसू लागल्या. किती वर्षे त्या हेच वाक्य म्हणत होत्या, ते भाईंना त्या दिवशी कळले.

पण फोन ही पहिली पायरी होती, शेवटची नाही. बिनतारी गुंड्यांमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. फोनची बॅटरीही संपते. शिवाय कानात मळ साठला आहे, कान वाहतो आहे, एकाच कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले आहे, चक्कर येते आहे, अशा वेळी अ‍ॅप नव्हे, डॉक्टरच हवा. आम्ही भाईंना वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत नेले. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था वाचा आणि श्रवण यांसाठीच आहे. महाराष्ट्राच्या एका राज्यपालांचे नाव तिला दिलेले आहे. तिथे आलेख निघाला. डावीकडे सपाट आणि उजवीकडे एकदम खाली उतरणारी रेघ, घाटातल्या उतारासारखी. बारीक स्वर गेलेले. आता भाई रीतसर श्रवणयंत्र वापरतात. फोन आला की तो थेट त्या यंत्रातच बोलतो.

भाईंना अपंगत्वाचा दाखला मात्र मिळण्यासारखा नाही. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांना बोलण्याच्या स्वरांत किमान ६० डेसिबलचा दोष असावा लागतो. भाईंचा त्याहून कमी आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबी त्यांना ऐकू येते, आणि वहीच्या हिशेबी सातचे आठ होतात. या मधल्या पट्ट्यात फार माणसे आहेत. फोनवरच्या या सोयींचा खरा उपयोग त्यांनाच आहे.

श्रोतेहो, माझे म्हणणे एवढेच आहे. मी टॅगच्या विरोधात नाही. पावसात पेटी शोधत फिरणाऱ्या माणसांचा त्रास त्याने वाचवला. पण आपण लोखंडी पेटीने ओ द्यावी म्हणून फाटकाफाटकावर यंत्रे बसवली. पेटी हरवली तर कुणाचे पैसे जातात, ते लगेच दिसते. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा कान रोज थोडा थोडा हरवत होता, तो कुठल्याच पडद्यावर दिसला नाही. आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या रोगांच्या यादीत आलेले होते. मग वीस-बावीस वर्षांत भाईंच्या कानांची एकदाही तपासणी का झाली नाही? वर्षातून एकदा, शांत खोलीत काही मिनिटांची ही चाचणी. कानांना झाकणाऱ्या मफांची एक जोडी. पेटीवरच्या टॅगपुढे हे फार मागणे नाही.

परवा नातू गणिताचा पेपर देऊन आला. भाईंनी विचारले, ‘किती उदाहरणे सुटली?’ तो म्हणाला, ‘सात.’ भाई मान हलवून म्हणाले, ‘दहापैकी सात. बरे आहे.’ त्यांना यार्ड आठवले असेल का, मी विचारले नाही.

हे भाषण ऐकताना तुमच्यापैकी कुणी रेडिओचा आवाज दोनदा वाढवला असेल. किंवा घरातल्या कुणी ‘जरा कमी करा’ म्हटले असेल. तसे असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चष्मा लावताना आपण कुठे लाजतो? या आठवड्यात एकदा कान तपासून घ्या. तुम्हाला कुणीतरी हाक मारत असेल.