तळपायाचा काळा डाग आणि परळची वाट



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान येऊन गेले. त्यांच्या पंक्तीत चालकांनी माझ्यासारख्याला बसवले, याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि आरंभीच एक खुलासा करून टाकतो. मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रपाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे मी बोईसर-तारापूरच्या कामगारांत युनियनचे काम करतो. पगारवाढ, बोनस, ठेकेदारी हे माझे विषय. हा गृहस्थ कर्करोगावर काय बोलणार, अशी शंका तुम्हाला आली असेल तर ती रास्तच आहे. परंतु आजारी कामगाराबरोबर इस्पितळाच्या बाकावर दिवसचे दिवस बसणे हेही आमच्या कामातच येते. त्या बाकावर जे ऐकले, आणि नंतर पुस्तके चाळून जे पडताळून पाहिले, तेवढेच आज सांगणार आहे.

आधी माझी चूक सांगतो. आमच्या एका कारखान्यात एक फिटर होता. त्याच्या डाव्या पायाच्या टाचेजवळ काळा डाग आला. सेफ्टी बुटाने कुरूप झाले असेल, असे त्यालाही वाटले आणि मलाही. पुढे डाग ओला राहू लागला, मोज्याला रक्त लागू लागले. एका दवाखान्यात ते कुरूप समजून वरवर कापले आणि डागले. कापलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही. जखम भरेना, तेव्हा त्याने मला विचारले, "दादा, मुंबईला जाऊन दाखवू का?" त्या वेळी वेतनकराराची बोलणी चालू होती. मी म्हणालो, "सह्या होऊ देत, मग जा. आत्ता खाडे नकोत." सह्या व्हायला चार महिने लागले. तोवर त्याच्या जांघेत अवधाण आले होते. दोन वर्षे तो झगडला आणि गेला. कराराची थकबाकी त्याच्या बायकोने घेतली, आणि पावतीवर सही करताना ती माझ्याकडे पाहत होती. चार महिने आधी गेला असता तर वाचलाच असता, असे कोणी डॉक्टर म्हणाला नाही. पण वाचला नसताच, असेही कोणी म्हणाले नाही. म्हणून आजचा विषय मी मागून घेतला.

या रोगाला मेलॅनोमा म्हणतात. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा हा कर्करोग. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो पुष्कळ आढळतो, आणि उन्हातले अतिनील किरण हे तिथले मोठे कारण आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश त्यात सर्वांच्या पुढे आहेत. सिडनीला तर या एकाच रोगाला वाहिलेली मोठी संस्था आहे. आपल्याकडे हा रोग क्वचित होतो. पण होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली, नाहीतर तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या नाजूक अस्तरावर होतो. म्हणजे नेमका अशा जागी, की जिकडे कोणी पाहत नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग निघाला. ती फुटबॉलची दुखापत असावी असे आधी वाटले होते. १९८१ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. पैसा, कीर्ती, डॉक्टर, सारे हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीत असे होते, तर आमच्या फिटरची काय कथा!

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याविरुद्ध आणि वासाविरुद्ध मी मोर्चे काढलेले आहेत. तेव्हा हा रोगही कारखान्यामुळेच होतो, असे म्हटले तर टाळ्या पडतील हे मला ठाऊक आहे. पण तळपायाच्या मेलॅनोमाचे कारण शास्त्राला अजून नीट उलगडलेले नाही. जे सिद्ध नाही ते मी व्यासपीठावरून सांगणार नाही. प्रदूषणाचा लढा आपल्या जागी खराच आहे, त्याला खोट्या पुराव्याची गरज नाही.

मग ओळखावे कसे? डागाच्या दोन बाजू सारख्या नसणे, कड वेडीवाकडी असणे, रंग कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे निळसर असणे, डाग सहा मिलिमीटरांहून मोठा असणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो बदलत जाणे. नखावर एकच काळी पट्टी उमटून ती रुंद होऊ लागली, किंवा तो रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला, तर थांबू नये. प्रत्येक वेळी डाग काळाच असतो असेही नाही. म्हणून भरत नाही ती जखम आणि जात नाही ते कुरूप दाखवून घ्यावे, हे सूत्र धरावे. बहुतेकांना डॉक्टर म्हणतील, "काही नाही, घरी जा." हे ऐकायला जाणे म्हणजे खाडा वाया घालवणे नव्हे.

आता जायचे कोठे? पहिली पायरी म्हणजे चामडीच्या रोगांचे डॉक्टर, मग ते सरकारी इस्पितळातले असोत की ई. एस. आय.चे. त्यांना संशय आला तर आपल्या लोकांची वाट परळला जाते. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला, गिरणगावात उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने घेतले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. आपले तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेही त्याच खात्याचे. तेव्हा ते इस्पितळ आपल्याला परके मानण्याचे कारण नाही. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. बोईसरहून परळ शंभर किलोमीटरांच्या आसपास. अंतर मोठे आहे, पण मन घट्ट करण्याइतके मोठे नाही.

तेथे गेल्यावर काय होईल, हे आधी माहीत असले की निम्मी भीती जाते. पहिला दिवस रांगेचा. नाव नोंदवायचे, फाईल करायची, सर्वसाधारण की खाजगी हे ठरवायचे. सर्वसाधारण वर्गात खर्च कमी, तपासणारे डॉक्टर तेच. बाहेर तुकडा काढला असेल तर त्याचा नुसता कागद नेऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घेऊन न्यावा, कारण तेथले तज्ज्ञ स्वतः पुन्हा पाहतात. ती वस्तू तुमची आहे, मागायला लाजू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमके निदान. डाग दुर्बिणीसारख्या छोट्या भिंगाखाली पाहतात. संशय वाटला तर शक्य तेथे पूर्ण डाग, थोड्या कडेसह आणि पूर्ण जाडीसह काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा समज चुकीचा आहे. वरवर खरवडून किंवा डागून मात्र पुरावाच नाहीसा होतो, कारण या रोगात सारे काही जाडीवर ठरते. डाग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला, हे माप १९७० साली ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन डॉक्टरने रूढ केले. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक रोगी नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात. आपण पगारपत्रक मागून घेतो ना, तसा हा आकडाही डॉक्टरांना विचारून घ्यावा. तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे एका डॉक्टरचा नव्हे, तर अनेकांचा विचार. अशा ठिकाणी शस्त्रक्रिया करणारे, औषधे देणारे, किरणोपचार करणारे आणि तुकडा तपासणारे एकत्र बसून ठरवतात. आम्ही कामगार याला समिती म्हणू. फरक इतकाच, की ही समिती खरोखर निर्णय घेते.

चौथी गोष्ट शस्त्रक्रियेची. "पाय कापतील" या एका भीतीने माणसे घरी बसतात. सहसा डाग आणि त्याभोवतीची एक ते दोन सेंटिमीटर निरोगी कातडी काढतात. तळपायाला दुसरीकडची कातडी लावावी लागते. नखाखाली रोग असेल तर बोटाचा काही भाग जातो. पूर्ण पाय जाण्याची पाळी क्वचित येते, आणि ती बहुधा उशिरा गेल्यामुळे येते. डाग जाड असेल तर जांघेतली किंवा काखेतली जी गाठ रोगाच्या वाटेवर पहिली लागते, तेवढीच शोधून तपासतात. ही पद्धत १९९२ साली पुढे आली. त्या एका गाठीत रोग निघाला म्हणून बाकीच्या साऱ्या गाठी लगेच काढण्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. तेव्हा डॉक्टर "थांबून पाहू" म्हणाले, तर ते टाळाटाळ करतात असे समजू नये.

पाचवी गोष्ट औषधांची. रोग पसरलेला असला तर पूर्वी हाती फारसे काही नव्हते. २०११ नंतर शरीराच्याच संरक्षक पेशींना मोकळीक देणारी औषधे आली, आणि त्यामागच्या शोधाबद्दल अॅलिसन आणि होंजो या दोघांना २०१८ साली नोबेल मिळाले. पण दोन गोष्टी लपवून चालणार नाही. तळपायाच्या मेलॅनोमावर ही औषधे उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमाइतकी गुणकारी ठरत नाहीत, आणि त्यांचा खर्च लाखांत जातो. शेत विकण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावे : "याने किती जणांना गुण येतो? किती दिवस? स्वस्त मार्ग कोणता?" चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. आणि बरे करणे शक्य नसेल तेव्हा दुखणे कमी करणे हाही उपचारच आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून तेच काम करीत आहे.

सहावी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे. बरे झाल्यावरही काही महिन्यांनी दाखवायला वर्षानुवर्षे जावे लागते. टाके सुकले म्हणून तारीख चुकवू नये.

आता खर्च आणि खाडे. ई. एस. आय.चा कार्डधारक असेल त्याने आधी तेथून पत्र घ्यावे. विनापत्र गेल्यास पैसे मिळताना त्रास होतो. दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग आहे, आणि दोन वर्षे विम्यात असलेल्या व ठरलेली हजेरी भरलेल्या कामगाराला त्याबद्दल वाढीव रजेचा लाभ मिळतो. ज्यांना हे कार्ड नाही, त्यांनी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. इस्पितळातील समाजसेवा विभाग ट्रस्टांच्या मदतीची वाट दाखवतो. मुक्कामासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसदन आहे. रेल्वे भाड्यात सवलत आहे, आणि लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला बसता येते.

पण खरा प्रश्न ठेकेदाराच्या माणसाचा आहे. त्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात आणि कधी कधी भरलेच जात नाहीत. आजारी पडतो त्या दिवशी त्याला कळते, की आपले नावच नोंदलेले नाही. हे तपासणे युनियनचे काम आहे, आणि ते माणूस आजारी पडण्यापूर्वी करायचे असते. माझ्या सहकाऱ्यांना माझे सांगणे आहे : करारात वर्षातून एक दिवस पगारी तपासणी मागा. त्या तपासणीत बूट-मोजे काढायला लावा. आणि कोणी "दाखवून येऊ का?" असे विचारले, तर बोलणी चालू असोत की संप, "आजच जा" म्हणा. जमले तर त्याच्याबरोबर एक माणूस पाठवा. एकटा माणूस रांगेतून परत येतो, दोघे असले की आत पोहोचतात.

भगिनींनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. तळपाय स्वतःचा स्वतःला नीट दिसत नाही. भाताच्या खाचरात, दांडी-सातपाटीच्या किनाऱ्यावर, कारखान्याच्या फरशीवर दिवसभर उभ्या राहिलेल्या त्या पायांकडे कोणीतरी दुसऱ्यानेच पाहावे लागते. आज घरी गेल्यावर दिव्याखाली एकमेकांचे तळपाय पाहा. तुमचेही त्यांना पाहू द्या. काही नसेल तर हसून झोपा. काही दिसले, तर उद्याचा खाडा माझ्या नावावर टाका.