हाडांचा घसारा

(कोल्हापूर येथे कोरडवाहू भागातील प्रतिनिधींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस आणि ज्वारीचा उत्पादनखर्च आपण किती वेळा मांडला असेल! बियाणे, खत, फवारणी, वेचणी, बैलजोडीचा चारा आणि शेवटी औजारांचा घसारा. नांगर झिजतो, पंप झिजतो, हे दिल्लीच्या कृषिमूल्य आयोगालाही कबूल आहे. पण नांगरामागे चालणारा माणूस आणि वेचणीला वाकणारी बाई झिजते, त्याचा घसारा कोणत्याही रकान्यात नाही. आज आम्ही त्या घसाऱ्याबद्दल बोलणार आहोत. तो हाडांचा घसारा आहे.

गावोगाव काय दिसते? पन्नाशीची बाई उकिडवी बसली तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठत नाही. कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात. गोठ्यात पाय घसरतो आणि मनगट मोडते. म्हातारीचा खुबा मोडला की ती अंथरुणाला खिळते आणि पुष्कळ जणी वर्षभरात जातात. आपण म्हणतो, वय झाले. पण युरोप-अमेरिकेत ज्या वयात खुबा मोडतो, त्याच्या साधारण दहा वर्षे आधीच तो आपल्याकडे मोडतो. तेव्हा सगळा दोष वयाचा नाही.

डॉक्टर सांगतात, डी जीवनसत्त्व कमी आहे. ऐकून हसू येते. हे जीवनसत्त्व कातडी उन्हात तयार करते, आणि आपल्याकडे पाण्याचा दुष्काळ असेल, उन्हाचा कधी नव्हता. तरी तपासण्यांतून निघाले ते वेगळेच. मुंबईत ११३७ निरोगी तरुण माणसे तपासली. २०११ साली तो अभ्यास छापून आला, त्यात शंभरातल्या ७० जणांत डी कमी निघाले. ती शहरातली, सावलीतली माणसे म्हणून सोडून देऊ. पण उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात माणसे दिवसाचे पाचेक तास उन्हात असतात. तिथल्या २००८ सालच्या अभ्यासातही प्रमाण जवळपास तेवढेच निघाले.

आम्ही शिकलो ती शेतकी, डॉक्टरकी नव्हे. पण हे कोडे शेतकऱ्याला उलगडण्यासारखे आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असते, तरी भुईमुगावर केवडा पडतो. जमिनीत असणे वेगळे, पिकाला लागू होणे वेगळे. उन्हाचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट, कोवळ्या उन्हात डी फार थोडे तयार होते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचे ऊन कामाचे. नेमके त्या वेळी वेचणीची बाई लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून, डोक्याला फडके गुंडाळून असते. उघडा राहतो तो चेहरा आणि पंजे. शिवाय सावळ्या कातडीला तेवढेच डी बनवायला जास्त वेळ लागतो.

दुसरी गोष्ट पोटातली. डी जीवनसत्त्वाचे काम अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणण्याचे. डी पुरेसे असेल तर शंभरातले तीस-चाळीस भाग अंगी लागतात. नसेल तर दहा-पंधरा. पण ताटात कॅल्शियमच नसेल तर डी तरी काय आणणार? उलट कॅल्शियम कमी पडले की शरीरातले डी लवकर खर्च होते. हिशेब पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. अर्धा किलो ज्वारीच्या भाकरीतून मिळते जेमतेम सव्वाशे-दीडशे. रक्ताला मात्र कॅल्शियम सतत हवे, त्याशिवाय काळीज चालत नाही. मग शरीर ते हाडातून काढते. घरात दाणा उरला नाही की पेरणीचे बियाणे दळून खावे, तसा हा प्रकार आहे.

कोल्हापूर जिल्हा दुधाचा. गोकुळ दूध संघ १९६३ पासून इथे आहे. इथे काय, आपल्या कोरडवाहू गावांत काय, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जाते आणि घरात उरते ते चहापुरते. दूध विकू नका असे आम्ही म्हणत नाही, तोच रोकड पैसा आहे. पण दुधाला भाव असा हवा की पेलाभर दूध घरी ठेवताना जीव खालीवर होऊ नये. त्या पेल्यात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि घरात त्याची गरज सर्वांत जास्त तिला, जी शेवटी जेवते.

आता कोल्हापूरशी आपला जो दुसरा संबंध आहे, त्याबद्दल. कापसाने हात दिला नाही की दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या कोयता घेऊन इकडच्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून पाळीचा त्रासही परवडत नाही. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा! २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर हाडांना सांभाळणारा स्त्रीरस एकदम आटतो. ते ठेवले तरी पुष्कळ जणींत तो वेळेआधी कमी होतो. मग हाड झपाट्याने पोकळ होते. त्या बाईने डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचे असते!

यावर बाजारात एक इलाज तयार आहे: सहा लाख युनिटांचे इंजेक्शन. भावांनो, खताची सगळी गोणी एकाच झाडाच्या बुडात ओतल्यासारखे हे आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २२५६ बायकांवर चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला. त्यांची हाडे जास्त मोडली, हे २०१० साली छापून आले. उलट फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना रोज ८०० युनिट डी आणि जोडीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, तेव्हा खुबा मोडण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून जास्त घटले. हे १९९२ सालचे. आणि अमेरिकेत २५ हजारांवर लोकांना, कमतरता आहे की नाही हे न पाहता, नुसते डी दिले. हाडे मोडणे कमी झाले नाही, हे २०२२ साली कळले. माती परीक्षणाचाच हा धडा: कमतरता असेल तिथेच मात्रा लागू पडते, तीही थोडी थोडी आणि जोडखतासह.

म्हणून घरी करायचे ते असे. मे महिन्याचे रणरणते ऊन सोडून, अकरा ते दोनच्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे ऊन घ्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. ज्वारीबरोबर नाचणी खा. इथल्या चंदगड-आजऱ्याच्या डोंगरात ती पिकते आणि तिच्यात ज्वारीच्या दसपटीहून जास्त कॅल्शियम असते. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी ताटात असू द्या. उकिडवे बसून उठता येईना, तर वाताचे दुखणे म्हणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. पिशवी काढा असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय अंगठा उठवू नका. बीजकोष ठेवणार की काढणार, हेही विचारा.

आणि मागायचे ते असे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले आहे. त्या पैशातून हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर बायकांची तपासणी आणि औषध मिळाले पाहिजे. पाळीच्या दिवसांतला खाडा माफ झाला पाहिजे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. औजाराचा घसारा मालाच्या किमतीत धरता ना, मग माणसाचाही धरा. आपापल्या तालुक्याच्या बैठकीत हा ठराव मांडा, आणि तो मांडायला घरच्या लक्ष्मीला उभी करा. हाडे तिची झिजली आहेत.