बर्फातील वाट आणि पोलाद

हिवाळ्यात बर्फाने वा दरडीने जम्मू–श्रीनगर महामार्ग बंद पडला की सधन प्रवासी विमान गाठीत. रुग्ण, विद्यार्थी व मजूर मात्र वाटेतच दिवस काढीत. 2013 मध्ये पीर पंजालखालील सुमारे 11 किलोमीटरच्या बोगद्यातून बनिहाल–काझीगुंड रेल्वे सुरू झाली आणि अल्प भाड्यात बर्फाचा घाट ओलांडता येऊ लागला. 6 जून 2025 रोजी 359 मीटर उंचीच्या चिनाब पुलाचे उद्घाटन झाले व काश्मीर देशाच्या लोहमार्गाशी जोडले गेले.

लोहमार्ग म्हणजे पोलाद. आणि भारतीय रेल्वेसाठी रूळ घडविणे हे भिलाईचे अनेक दशकांचे व्रत. येथील भट्टीपुढे गाळलेला घाम दूरच्या, अनोळखी, गरीब प्रवाशाला थंडीतून सुखरूप घरी पोहोचवितो. शिक्षणाचेही सार्थक याहून निराळे नाही.