कडब्याची धूळ आणि आपली छाती

ओला कडबा गंजीत रचला की आतून तापतो, त्यावर बुरशी आणि सूक्ष्म जंतू वाढतात. पेंढी सोडताना उडणारी पांढरट भुकटी ती हीच. इतकी बारीक, की थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचते. मग 4 ते 8 तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप. हवा बदलली असेल, असं म्हणून आपण सोडून देतो; दोन दिवसांत बरंही वाटतं. घात होतो तो इथेच. वारंवार असं झालं तर फुफ्फुस कायमचं राठ होतं. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्यालाही! तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही; एन-95 मास्क लावा. कडबा खडखडीत वाळवूनच रचा. आणि दवाखान्यात गेलात, तर आपण कडब्यात काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.