बाहेरचा म्हणजे कुणाच्या बाहेरचा?
(फिल्म दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



'बिल ट्रेलर: चेसिंग घोस्ट्स' ही जेफ्री वुल्फची २०२१ ची फिल्म आत्ता आपण बघितली. कलेतले पंडित या म्हाताऱ्याला 'आउटसायडर आर्टिस्ट' म्हणतात. बाहेरचा! कुणाच्या बाहेरचा? गावकुसाबाहेर कोण राहतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कूस आपण बांधली नव्हती.

बिल १८५३ च्या सुमारास अलाबामात गुलाम म्हणून जन्मला. आडनावसुद्धा मालकाचं. गुलामगिरी कायद्यानं गेली, राबणं गेलं नाही. म्हातारपणी मॉन्टगोमेरी शहरात आला. मन्रो स्ट्रीटच्या फुटपाथवर बसून १९३९ ते १९४२ या काळात त्यानं हजारावर चित्रं काढली. वय पंच्याऐंशीच्या घरात. कागद कुठला? फेकून दिलेले पुठ्ठे.

अंगावर आलेली कुत्री, उगारलेल्या काठ्या, बंदुका, पळणारी माणसं. त्याच्या पोराला १९२९ साली बर्मिंगहॅमच्या पोलिसांनी मारलं होतं. बिलला लिहिता येत नव्हतं, आणि काळ्यानं तोंड उघडलं तर जीव जात होता. मी तर म्हणतो, ही चित्रं नाहीत, साक्ष आहे.

चार्ल्स शॅनन या गोऱ्या चित्रकारानं त्याला रंग दिले, चित्रं जपली. ते ऋण नाकारायचं कारण नाही. पण हिशेब बघा. २०२० च्या लिलावात बिलच्या एका चित्राला पाच लाख डॉलरच्या वर मिळाले. बिल मेला १९४९ ला, आणि त्याच्या कबरीवर नावाचा दगड लागला २०१८ ला!

आणखी एक. बिलच्या हयातीची बरीच वर्षं लाउंड्स काउंटीत गेली. तिथं वस्ती बहुसंख्य काळ्यांची, पण १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत एकही काळा नव्हता. १९६६ मध्ये तिथल्या काळ्यांनी स्वतःचा पक्ष निवडणुकीत उतरवला. खूण काळा पँथर. तीच ओकलंडच्या पोरांनी उचलली, आणि १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव घेतलं. म्हणजे आपल्या नावाची माती बिलच्या पायाला लागलेली आहे.

आता माझं सांगतो. माझ्या आज्याची जलशाच्या गाण्यांची वही होती. घर बदलताना ती रद्दीत गेली. कुणा बामणानं नाही टाकली, मी टाकली. किलोच्या भावात.

तेव्हा घरी जा. पेट्या, पत्र्याचे डबे उघडा. म्हाताऱ्यांजवळ बसा. आपला शॅनन आपणच व्हायचं. दगड लागायला सत्तर वर्षं थांबायचं नाही.

जयभीम.